व्हिडिओ गेममधलं शस्त्र लक्षात का राहतं? डॅमेज वाढवून काम का होत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही आणि तुमचे दोन मित्र मिळून एक ॲक्शन गेम करताय. त्यात २२ शस्त्रं आहेत. ज्यांनी खेळून पाहिला त्यांना दुसऱ्या दिवशी विचारलं, तर एकाही शस्त्राबद्दल कुणाला काही सांगता आलं नाही. मग तुम्ही डॅमेज वाढवला, स्फोट मोठे केले, तरी फरक पडला नाही. डूमची शॉटगन, हाफ-लाइफची ग्रॅव्हिटी गन, काउंटर-स्ट्राइकची एके लोकांना वर्षानुवर्षं आठवते ती कशामुळे, आणि तुम्हाला आणायचा असलेला दांडपट्टा त्या रांगेत बसेल का?

मी बरीच वर्षं गेममधल्या लढाईचं डिझाइन करतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. एरवी केलं नसतं असं काहीतरी खेळणाऱ्याला करायला लावतं, ते शस्त्र लक्षात राहतं. त्याचा डॅमेज किती होता हे कुणालाच आठवत नाही. आणि असं काही करायला लावण्याची ताकद एकट्या शस्त्रात नसते. शत्रू, जागा आणि शस्त्राची उणीव या तिन्ही गोष्टी त्याच्याभोवती मुद्दाम रचाव्या लागतात. तुमच्या २२ शस्त्रांना बहुधा एकही उणीव नसावी.

सुरुवात डूम २ पासून करू, कारण त्यातली सुपर शॉटगन हा या विषयातला सगळ्यात स्वच्छ नमुना आहे. गेम १९९४ चा, आयडी सॉफ्टवेअरचा. पहिल्या डूममधली साधी शॉटगन एका काडतुसात ७ छर्रे सोडते. ही दोन नळ्यांची बंदूक एका बारात २ काडतुसं खाते आणि २० छर्रे सोडते. हिशेबाने १४ मिळायला हवेत तिथे २० मिळतात, म्हणजे सौदा फायद्याचा. पण छर्रे आडवे फाकतात तसे उभेही फाकतात, त्यामुळे लांबून मारलं तर बरेचसे हवेत जातात. शिवाय एकदा चाप ओढला की बंदूक मोडायची, काडतुसं भरायची आणि झटक्यात बंद करायची, यात साधारण दीड सेकंद जातो. तेवढा वेळ तुमच्या हातात बंदूक असून नसल्यासारखी.

आता समोर हेल नाइट हा राक्षस आणा. त्याचा जीव ५००. प्रत्येक छर्रा ५, १० किंवा १५ इतकी इजा करतो, म्हणजे सगळे छर्रे लागले तर एका बारात सरासरी २००. तीन बार नीट बसले की तो पडतो. छर्रे वाया घालवायचे नसतील तर त्याच्या अंगाला भिडावं लागतं, आणि भिडलात तर तो पंजा मारतो. म्हणून खेळणारा आपोआप एक चाल शिकतो: पुढे घुसायचं, बार टाकायचा, भरत असताना बाजूला किंवा मागे सटकायचं, त्याचा हिरवा गोळा चुकवायचा, आणि बंदूक बंद झाल्याचा आवाज आला की पुन्हा पुढे. हे कुठल्याही सूचनेत लिहिलेलं नाही. छर्ऱ्यांचा फाकाव, दीड सेकंद आणि शत्रूचा जीव या तीन आकड्यांतून ती चाल निघते. उघडणं, भरणं आणि बंद होणं यांना तीन वेगळे आवाज आहेत, त्यामुळे बंदुकीकडे न बघताच ती कधी तयार होणार हे कानाला कळतं आणि डोळे शत्रूवर ठेवता येतात. मी नव्या लोकांना आवाजाचं काम शिकवतो तेव्हा हेच उदाहरण घेतो, कारण इथे आवाज सजावटीसाठी नाही, माहितीसाठी आहे.

याच मालिकेतला डूम इटर्नल २०२० साली आला तेव्हा त्यांनी या बंदुकीला साखळीचा एक हुक जोडला, जो शत्रूत रुतवून खेळणारा स्वतःच त्याच्याकडे खेचला जातो. मूळची सगळी गंमत जवळ जाण्यात होती, आणि २६ वर्षांनी केलेली सुधारणा जवळ जाण्याचीच सोय करते. ज्यांना आपल्या शस्त्राचा गाभा कळलेला असतो ते अशी भर घालतात. (चित्रांचा दर्जा नाही म्हणून अडलेल्यांसाठी: पहिल्या डूमच्या शॉटगनचं चित्र खेळण्यातल्या बंदुकीवरून केलेलं आहे.)

ग्रॅव्हिटी गनचा धडा वेगळा आहे, आणि तुमच्यासारख्या छोट्या चमूला तो जास्त उपयोगाचा. हाफ-लाइफ २ हा व्हॉल्व्हचा गेम २००४ मध्ये आला. या यंत्रातून गोळीच सुटत नाही. एका बटणाने वस्तू ओढायची, दुसऱ्याने फेकायची. स्वतःचा म्हणावा असा मारा त्याला जवळपास नाहीच. आसपास जे पडलं असेल तो त्याचा दारूगोळा. अशी वस्तू खेळणाऱ्याच्या हातात नुसती दिली असती तर दोन पेट्या उडवून त्याने पुन्हा मशीनगन काढली असती.

व्हॉल्व्हने काय केलं ते क्रमाने पाहा. आधी तुमची साथीदार ॲलिक्स ती तुमच्या हातात देते आणि डॉग नावाच्या यंत्राशी चेंडू झेलायचा खेळ खेळायला लावते. तिथे कुणी मारत नाही, चुकलं तरी काही बिघडत नाही, आणि ओढणं-फेकणं बोटांत बसतं. लगेच पुढचा मुक्काम रेव्हनहोम. गोळ्या जपून वापराव्या लागतात, झोंबी भरपूर, आणि जागोजागी गोल करवतीची पाती, पिंपं, रंगाचे डबे. सुरुवातीलाच एका खोलीत पातं रुतलेलं दिसतं आणि शेजारी मधोमध कापला गेलेला झोंबी पडलेला असतो. तुम्ही पातं ओढून घेता आणि तेवढ्यात समोरून दुसरा झोंबी येतो. एक शब्दही न बोलता धडा पूर्ण. त्या गावात गोळी न झाडता, फक्त या गनने पार व्हायचं, असं एक आव्हानही गेममध्ये आहे, आणि ते पूर्ण करणारे पुढे वर्षानुवर्षं त्याबद्दल बोलत राहिले.

शेवटाकडे, सिटाडेल या शत्रूच्या मनोऱ्यात, बाकीची सगळी शस्त्रं काढून घेतली जातात आणि हीच एक उरते, तीही निळी होऊन, माणसं उचलून भिरकावण्याइतकी ताकद घेऊन. ज्या यंत्राने आतापर्यंत फक्त निर्जीव वस्तू उचलल्या त्याला अचानक सैनिक उचलता येतो. ही ताकद पहिल्या तासाला दिली असती तर तिचं काहीच वाटलं नसतं. इतका वेळ मर्यादा सोसल्यामुळेच तिची किंमत आहे.

म्हणून तुमचं प्रत्येक शस्त्र कोणत्या खोलीत पहिल्यांदा मिळतं आणि त्याच्या पुढच्या पाच मिनिटांत काय घडतं, हे कागदावर लिहून काढा. बऱ्याच गेममध्ये त्या जागी काहीच लिहायला सापडत नाही. शस्त्र पेटीत मिळतं आणि पुढची खोली आधीसारखीच असते.

काउंटर-स्ट्राइकबद्दल तुम्ही विचारलंत, आणि सायबर कॅफेत त्याच्या १.६ आवृत्तीवर डस्ट-२ हा नकाशा खेळून मोठी झालेली पिढी आपल्याकडे भरपूर आहे, तेव्हा त्यावर थोडा थांबतो. तिथे समोर माणसंच असतात, त्यामुळे शत्रू रचता येत नाही. मग रचायचे ते पैसे, म्हणजे फेरीच्या सुरुवातीला शस्त्र विकत घ्यायला लागणारा गेममधला पैसा. सीएस:गो या नंतरच्या आवृत्तीचा हिशेब घेतो. एके-४७ ची किंमत २७००, आणि ती फक्त टेररिस्ट बाजूला विकत मिळते. तिचा मूळ डॅमेज ३६, डोक्याला चौपट, म्हणजे १४४. हेल्मेट असेल तर त्यातले सुमारे साडेसत्त्याहत्तर टक्के लागू होतात, म्हणजे १११. जीव १००. एक गोळी, खेळ खल्लास. समोरच्या बाजूच्या एम४ए४ चं गणित ३३, चौपट १३२, त्याचे सत्तर टक्के, म्हणजे ९२. आठ गुण उरतात. वर्षानुवर्षं दोन्ही बाजूंच्या खेळण्यात जो फरक दिसतो त्याच्या मुळाशी हे आठ गुण आहेत. एकेवाला पहिली गोळी डोक्यावर बसवायच्या नादात असतो, आणि पोलीस बाजूचा माणूस मेलेल्या शत्रूची एके उचलायला जीव धोक्यात घालून उघड्यावर जातो. शस्त्रासाठी माणूस जीव धोक्यात घालतो, यापेक्षा मोठी पावती डिझायनरला मिळत नाही.

त्याच्या उलट ऑप (AWP) ही स्नायपर रायफल. किंमत ४७५०, छातीला एक गोळी पुरते, पण दोन गोळ्यांमध्ये जवळपास दीड सेकंद थांबावं लागतं, चालता चालता मारली तर नेम लागत नाही, आणि मारून मिळणारं बक्षीस बहुतेक बंदुकींना ३०० असताना तिला १००. ती विकत घेतली की पुढची फेरी कशी जाईल याची जबाबदारी सगळ्या संघावर येते. तिचा आवाज नकाशाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो आणि पाच जणांच्या योजना त्या एका आवाजाने बदलतात. २०२२ मध्ये व्हॉल्व्हने तिच्या मॅगझिनमधल्या गोळ्या १० वरून ५ केल्या. डॅमेजला हात लावला नाही, कारण एका गोळीत मारणं हेच तिचं असणं आहे. तिला आवर घालायचा तो बाजूने.

बाजूने आवर घालणं किती बारीक काम असतं याचं एक जाहीर उदाहरण आहे. हेलो ३ च्या टीममधले जेमी ग्रीसमर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये एक अख्खं व्याख्यान दिलं, विषय एवढाच: स्नायपर रायफलच्या दोन गोळ्यांमधला वेळ ०.५ सेकंदावरून ०.७ सेकंद का केला. ०.२ सेकंदांसाठी एक तास. बॅलन्सिंगचं, म्हणजे शस्त्रांची ताकद एकमेकांशी जुळवण्याचं काम शिकणाऱ्या प्रत्येकाने ही वृत्ती अंगी बाणवावी असं मला मनापासून वाटतं.

हातात येणारी जाणीव हा भाग मी मुद्दाम मागे ठेवला, कारण नवखे लोक तिथूनच सुरुवात करतात. तरी ती महत्त्वाची आहेच. २०१८ च्या गॉड ऑफ वॉरमधली लेव्हायथन कुऱ्हाड घ्या. फेकायची, आणि बटण दाबलं की ती हातात परत येते. तळहातावर आपटताना कंट्रोलर थरथरतो, कॅमेरा हलतो, नायक क्रेटॉसचा हात मागे जातो, धातूचा आवाज येतो, हे सगळं एकाच क्षणाला. लोक शत्रू नसतानाही ती फेकून परत बोलावत बसतात, आणि मीही बसलो आहे. पण नीट पाहिलं तर तिथेही उणीव आहे: कुऱ्हाड फेकली की हात रिकामे, मग ठोशांनी लढा. परत बोलावताना वाटेत जो येईल त्याला ती लागते, म्हणजे आपण कुठे उभं राहायचं हाही विचार सुरू होतो. आणि पुढे कुऱ्हाडीतल्या बर्फाच्या ताकदीचा काही उपयोग नसलेल्या हेलहाइममध्ये, म्हणजे मृतांच्या लोकात, जायची वेळ येते, तेव्हाच जुन्या साखळीच्या तलवारी बाहेर निघतात.

जवळून मारायच्या शस्त्रांत वार बसल्यावर मारणारा आणि मार खाणारा अशा दोघांनाही क्षणभर गोठवणं ही जुनी युक्ती आहे. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) दाखवणाऱ्या गेममध्ये एक फ्रेम सुमारे १७ मिलीसेकंदांची असते. हलक्या वाराला तीन-चार फ्रेम, जड वाराला दुप्पट, इथून मी सुरुवात करतो आणि मग हाताने जुळवत जातो. तुम्ही मोठे केलेले स्फोट या गोठण्याशिवाय पोकळ वाटत असणार.

काही शस्त्रं झपाट्याने सांगतो, कारण प्रत्येकात एकच कल्पना आहे आणि ती पुरेशी आहे. डेड स्पेसमधलं प्लाझ्मा कटर हे मुळात इंजिनिअरचं हत्यार. त्याची रेघ आडवी-उभी फिरवता येते आणि शत्रू डोक्यावर मारून मरत नाहीत, हातपाय तोडावे लागतात. वर्षानुवर्षं डोक्यावर नेम धरायला शिकलेल्या खेळणाऱ्याची सवय गेम मोडतो. कॉन्ट्रामधला एस, म्हणजे पाच गोळ्यांचा पंखा: टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर तो खेळलेली मुलं आता चाळिशीत आहेत आणि त्यांना ते अक्षर अजून आठवतं, कारण एक गोळी लागली की जीव जायचा आणि एसही जायचा. गमावायची भीती नसती तर ती नुसती बरी बंदूक ठरली असती. गोल्डनआय ००७ मधली सोनेरी पिस्तूल एका गोळीत मारते आणि तिच्यात एकच गोळी मावते. त्याच गेममधलं क्लॉब मात्र ते किती वाईट आहे यासाठीच लोकांच्या लक्षात आहे, तेव्हा वाईट शस्त्राला घाबरू नका; बेचव शस्त्राला घाबरा.

ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये बाकी सगळी शस्त्रं तुटतात. मास्टर सोर्ड तुटत नाही, थकते, आणि दहा मिनिटांनी पुन्हा तयार होते. तिची एरवीची ताकद ३०, गार्डियन या यंत्रशत्रूंसमोर ६०. त्या गेममध्ये तिच्याहून जास्त आकड्याची शस्त्रं खुशाल मिळतात. तरी सगळे ती मिळवायला लागणारी १३ हृदयं (जीव मोजायची खूण) जमवतात.

आणि पबजीचा पॅन. स्वयंपाकघरातला तवा, पाठीमागे लटकवलेला, गोळी अडवतो. आपल्याकडे २०१८ नंतर मोबाइलवर पबजी आणि २०२१ पासून बीजीएमआय खेळणाऱ्या कुणालाही विचारा, पॅनने वाचल्याची एक तरी गोष्ट त्याच्याकडे असते. एअरड्रॉपमधून, म्हणजे विमानातून पडणाऱ्या पेटीतून, मिळणारी एडब्ल्यूएम ही स्नायपर रायफल त्याहून कितीतरी घातक, पण गोष्टी पॅनच्या सांगितल्या जातात. पळून जाताना पाठीवर टण्ण आवाज येतो आणि आपण अजून जिवंत आहोत हे कळतं. हा प्रसंग खेळणाऱ्याने ठरवून घडवलेला नसतो, म्हणूनच तो दुसऱ्याला सांगावासा वाटतो.

आता दांडपट्टा. तो चांगली निवड आहे असं मला वाटतं, पण तो भारतीय आहे म्हणून नव्हे. त्याच्या रचनेतच भरपूर उणिवा आहेत. लांब, लवचिक पातं. हात जवळजवळ कोपरापर्यंत लोखंडी मुठीत. आत आडव्या दांडीवर पकड. मनगट बंद. तलवारीसारखा मनगटाने वार फिरवता येत नाही, म्हणून सगळी ताकद खांद्यातून आणि कमरेतून येते. कोल्हापुरात मर्दानी खेळाची प्रात्यक्षिकं पाहा: पट्टा फिरवणारा थांबत नाही, एक वार संपतो तिथून दुसरा निघतो, आणि त्याच्याभोवती सगळे गोल जागा सोडून उभे असतात.

हे जसंच्या तसं नियमांत आणा. सुरू झालेला वार मध्येच तोडता येऊ नये. वेळेवर बटण दाबलं तर पुढचा वार आधीपेक्षा वेगाने यावा, आणि थांबलात की वेग शून्यावर. म्हणजे खेळणाऱ्याला चालत, वळत राहावं लागेल. अरुंद बोळात, दरवाज्यात, जिन्यावर पातं भिंतीला लागून वार मोडला पाहिजे. त्यामुळे किल्ल्याचं मोकळं आवार आणि चिंचोळा दिंडी दरवाजा यांचा अर्थ एकदम बदलतो, आणि शत्रू बोळात पळाला तर पाठलाग करायचा की त्याला बाहेर काढायचं हा प्रश्न उभा राहतो. पट्टा चारी बाजूंच्या जमावासाठी उत्तम, म्हणून जमाव द्या, पण त्यात एक भालाईत ठेवा, जो पट्ट्याच्या पल्ल्याबाहेर उभा राहून टोचतो.

सगळ्यात महत्त्वाचं: ज्या हातात पट्टा आहे त्या हाताने दुसरं काहीच करता येऊ नये. दोर धरणं, तटावर चढणं, कडी उघडणं, काहीही नाही. चढायचं तर पट्टा उतरवा, आणि उतरवायला-चढवायला दोन सेकंद लागू देत. तेवढ्यात कुणी आलं तर काय, ही भीती तुम्हाला फुकट मिळते.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये राजी हा गेम आणला, त्यात त्रिशूळ आहे. तो पाहाच, कारण त्यांनी शस्त्र आणि जागा जोडल्या आहेत: राजी भिंतीवर धावते, खांबाला धरून गिरकी घेते आणि तिथून वार करते. देवीने दिलेलं शस्त्र म्हणून त्रिशुळाला मान मिळतोच, पण खेळताना बोटांना आठवतो तो खांब.

कॅमेऱ्याचा प्रश्न तुम्हाला छळणार आहे. पट्ट्याला मागचंही दिसायला हवं, त्यामुळे खांद्यामागचा जवळचा कॅमेरा चालणार नाही. वेग वाढेल तसा तो थोडा वर आणि मागे न्या, वेग उतरला की परत आणा. आवाजात पात्याची हवेतली सळसळ वेगानुसार चढू द्या, म्हणजे वेग किती आहे हे पडद्यावर पट्टी न दाखवता कळेल. सुपर शॉटगनच्या तीन आवाजांचं काम इथे ही एक सळसळ करेल.

पहिली चाचणी अशी करा: बाकीची २१ शस्त्रं काढून टाका, करड्या ठोकळ्यांचं एक आवार, एक बोळ, चार साधे शत्रू आणि एक भालाईत. चित्रं नकोत, स्फोट नकोत. खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी शस्त्राचं नाव विचारू नका. काल काय केलंस ते सांग म्हणा. "भालेवाल्याला बोळातून बाहेर काढलं आणि मग घेरलं" असं काही ऐकू आलं तर पुढे जा. "मारलं सगळ्यांना" एवढंच आलं, तर आकडे जुळवत बसण्याआधी भालाईताची जागा बदला, बोळ आणखी अरुंद करा आणि पुन्हा खेळवा. दोन्ही हातांत पट्टा हा पर्याय अगदी शेवटी, दुप्पट वेग म्हणून द्या: तेव्हा ढाल नाही, चढणं नाही, आणि शत्रूच्या मधोमध पट्टा उतरवायची वेळ आली तर लागणारे सेकंदही दुप्पट.